कॅसेटच्या कोपऱ्यातलं नाव

जळगाव स्टेशनावर मला सोडायला सात माणसं आली होती. सहा घरची, आणि सातवी विजू. धुळ्याहून सकाळची एसटी धरून ती खास आली होती. चौऱ्याऐंशी सालचा जून, फलाटावर उकाडा, माझ्या काखेत चित्रांची लांबडी गुंडाळी आणि मायनं दिलेला केळ्याच्या वेफरचा डबा. भाऊ, म्हणजे माझे वडील, गाडी हलेपर्यंत एकच वाक्य घोळवत होते, "पोरी, तिथी कोनाच्या मांगे राहू नको." आमचं असोद्याचं शेतकरी घर. केळी आणि कापूस सोडून दुसरं काही कुणी केलं नव्हतं, आणि मी मुंबईला कमर्शियल आर्ट शिकायला निघाले होते. विजू खिडकीशी उभी राहून हसत होती. मला तिची दया आली. खरं सांगते, ती दया मला फार गोड लागली.

दया का, तर ती मागे राहत होती म्हणून. त्याआधी वर्षभर आम्ही दोघी धुळ्यात एकाच ड्रॉइंग क्लासला होतो. मी मावशीकडे राहायचे, पण दिवसभर मुक्काम विजूच्या घरी. पुढच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान, मागे स्वयंपाकघर. लग्नपत्रिका, बँडवाल्यांची कार्डं, कापडदुकानांच्या पिशव्या, सगळं तिथं छापलं जायचं. मी आमच्या बोलीत "कुठी" म्हणाले की ती हसायची, ती अहिराणीत "आठे, तठे", म्हणजे इथे-तिथे, म्हणाली की मी. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे आज लिहिते आहे. तेव्हा कुणी मानगुटीवर बसून विचारलं असतं तरी कबूल केलं नसतं.

मुंबईच्या प्रवेशाचे फॉर्म दोघींनी भरले. तिचा तिच्या वडिलांनी, आबांनी, पोस्टात टाकलाच नाही. "मुंबईमा काय ठेयेल शे? आठे काय कमी काम शे?" एवढंच म्हणाले. विजू दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी पत्रिका छापायला बसली. मला प्रवेश मिळाला. तिचा फॉर्म गेला असता तर मला मिळाला असता का, हा प्रश्न मी कधी कुणाजवळ काढला नाही.

मुंबईत आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत परदेशी रेकॉर्डांच्या कव्हरांचा एक गठ्ठा होता. काय एकेक कव्हर! आम्ही हात धुऊन ती बघायचो. आमचे एक सर म्हणायचे, "गाणं वाजायच्या आधी दिसलं पाहिजे." मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग त्या कव्हरांवरची अक्षरं गिरवत बसले, एअरब्रशनं रंग फवारायला शिकले, इंग्रजी बोलायला शिकले. सुट्टीत घरी गेले की "लेआउट", "टेक्स्चर" असले शब्द जेवताना ताटात वाढल्यासारखे वाढायचे. माय म्हणायची, "काय बोलून राह्यली व ही?" आणि मला बरं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी श्रावणात कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणासाठी, घरी आले. आमच्याकडे कानबाईच्या रोटांना, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, बाहेरगावी गेलेलं माणूस परत येतंच, नाही आलं तर भाऊबंद वर्षभर बोलून दाखवतात. विसर्जन झालं आणि मी धुळ्याला विजूकडे गेले. तिच्या थोरल्या भावानं दोन वर्षांपूर्वी कॅसेटचं दुकान टाकलं होतं. गावोगावच्या बायकांची अहिराणी गाणी तो स्वतः भरून घ्यायचा आणि विकायचा. विजूनं माझ्या हातात एक कॅसेट ठेवली. कानबाईच्या गाण्यांची. "देख, कशी वाटस?"

मी ती उजेडात धरून पाहिली.

अक्षरं ठिपक्यांची होती. नुसते ठिपके, एकाला एक लागून, गर्द हिरवे. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या हातावर गोंदण असतं ना, थेट तसे. मध्ये कानबाई म्हणून पुजतात तो नारळ, नथ घातलेला, तोही ठिपक्यांतच, आणि मागे लग्नपत्रिकांतून उरलेला हळदी रंग. असं का केलं विचारलं तर म्हणाली, आमच्या स्क्रीनचं, ज्यातून रंग खाली उतरतो ते, कापड जुनं झालंय, भरीव अक्षर छापलं की रंग पसरतो, डाग पडतो. ठिपके केले तर पसरत नाही. मग आईचा हात समोर ठेवला आणि त्यावरचं बघून काढलं. कार्डही पत्रिकांच्या कापलेल्या कडांचं. उलटं केलं तर पाठीमागे कुणाच्या तरी लग्नातला अर्धा गणपती.

ती कॅसेट मी वाजवलीही नव्हती आणि मला ओव्या ऐकू यायला लागल्या. सरांचं ते वाक्य मी वहीत लिहिलं होतं, हिनं ते न ऐकता करून टाकलं होतं. आणि गोंदण काय हिच्याच आईच्या हातावर होतं? माझ्या मायच्या दोन्ही हातांवर होतं. त्याच हातांनी वाढलेलं मी वीस वर्षं जेवले आणि मला कधी ते दिसलं नाही! मी तिकडे लंडन-अमेरिकेची अक्षरं गिरवत बसले होते. इतकी जळले मी त्या दिवशी!

खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "विजया, धुळे".

मी त्यावर बोट ठेवलं. म्हटलं, "हे काढ. प्रोफेशनल लोक नाव टाकत नाहीत. गावंढळ दिसतं."

असा कुठलाही नियम नव्हता. मुंबईत आम्ही सगळे कुठे एकदा आपलं नाव छापून येईल म्हणून जीव टाकत होतो. पण मी मुंबईहून आलेली, शिकलेली. विजूनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि "बरं" म्हणाली. पुढच्या कॅसेटवर नाव नव्हतं. त्यानंतर कधीच नव्हतं. मुंबईला परत जाताना गाडीत मी स्वतःला समजावलं की मी तिच्या भल्याचंच सांगितलं. समजावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पुढचं माझं आयुष्य तुमच्यातल्या पुष्कळांसारखंच गेलं, जे निघून गेले त्यांच्यासारखं. मुंबईत एका जाहिरात कंपनीत लागले. भजनं, गझला, लहान मुलांची गाणी, ढिगानं कॅसेट-कव्हरं केली. गायकाच्या डोक्यामागे एअरब्रशनं चकाकी, खाली गुलाबी ढग, क्लायंट खूश. नव्वदीत कॉम्प्युटर आले, तेही शिकले, भाऊंनी सांगितल्याप्रमाणे कुणाच्या मागे राहिले नाही. सुरुवातीची काही वर्षं गावी गेले की धुळ्याला जायचे. विजू नवी कव्हरं दाखवायची, लग्नाची गाणी, पोळ्याची गाणी, तमाशाच्या पार्ट्या. मी "छान" म्हणायचे आणि घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून पडून राहायचे. मग लग्न, मुलगा, पुण्याला बदली. जाणं कमी झालं. माय गेल्यावर थांबलंच. कॅसेटी संपल्या, सीडी आल्या, विजूच्या भावाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लागली असं कुणीतरी सांगितलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, संपलं.

कुठलं संपायला!

आता मी पुण्यात एका डिझाइन कॉलेजात अक्षरलेखन शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली पोरं अचानक ठिपक्यांत लिहायला लागली. आधी वाटलं योगायोग असेल. मग गॅदरिंगचं पोस्टर ठिपक्यांत, एका बँडचे टी-शर्ट ठिपक्यांत, कोपऱ्यावरच्या कॅफेचं मेनूकार्ड हिरव्या ठिपक्यांत आणि हळदी रंगात. गाणी आता फोनमध्ये राहतात, तर त्या फोनमधल्या इवल्या चौकोनातही ठिपके. सानिका नावाची माझी विद्यार्थिनी जळगाव-धुळ्याच्या भंगारवाल्यांकडून जुन्या कॅसेटी गोळा करत होती. तिनं त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि ही सगळी पोरं त्यावरून वेडी झाली. एकानं तर त्या अक्षरांचा फाँट बनवला. मी केलेल्या शेकडो कव्हरांतलं एक, अहो एक, कुणाला आठवत नाही. माझ्या स्वतःच्या मुलालासुद्धा नाही.

सानिका त्या कॅसेटी घेऊन माझ्याकडे आली. टेबलावर चाळीसेक मांडल्या. "मॅडम, तुम्ही तिकडच्याच ना? ही सगळी एकाच माणसानं केलीत असं वाटतं. कोण असेल?"

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही गं माहीत," म्हटलं. "त्या काळी नावं कोण टाकायचं?"

दुसऱ्यांदा केलं मी हे. पहिल्यांदा केलं तेव्हा निदान वय तरी लहान होतं.

महिन्याभरानं त्यांनी प्रदर्शन भरवलं. एक अख्खी भिंत विजूची, प्रत्येक कव्हर मोठं करून लावलेलं, बाजूला आजच्या पोरांनी त्यावरून केलेली कामं, आणि सगळ्याखाली एकच पाटी, "कलाकार: अज्ञात". वर आणखी, खानदेशातल्या म्हणून मला बोलायला उभं केलं. मीही बोलले! गोंदणाबद्दल बोलले, कानबाईबद्दल बोलले, स्क्रीनच्या जुन्या कापडामुळे ठिपके कसे आले असतील याचा "माझा अंदाज" सांगितला. टाळ्या पडल्या. लाज कशाला म्हणतात ते त्या टाळ्यांत मला कळत होतं, तरी मी हात जोडून हसत होते.

उतरल्यावर सानिका म्हणाली, "मॅडम, मला ना तो माणूस डोळ्यांसमोर दिसतो. कुणीतरी म्हातारे पेंटर काका असतील. पांढरा पायजमा, कानाला पेन्सिल."

काका! विजू अज्ञात राहिली ते मला चालत होतं. तिचा काका झालेला मात्र सोसवेना. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. रडायची ती विजू, आईचा हात समोर धरून बसणारी विजू, तिच्या जागी हे पायजमावाले येऊन बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका नाही. बाई आहे. विजया. धुळ्याला असते."

सानिकानं विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," म्हटलं.

पोरगी शहाणी. पुढे काही विचारलं नाही, पण तेव्हापासून ती माझ्या टेबलाशी पूर्वीसारखी रेंगाळत नाही. पाटी दुसऱ्या दिवशी बदलली. तिनंच धुळ्याला फोन लावला, पत्ता शोधला, आणि शेवटच्या दिवशी विजू भाच्यासोबत एसटीनं पुण्यात आली. केस पांढरेशुभ्र, चालताना गुडघ्यावर हात. बरोबर माझ्यासाठी ज्वारीच्या बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या पापडांची, पिशवी. भिंतीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. आजूबाजूची पोरं तिच्या पाया पडत होती, फोटो काढत होती, आणि मी तिथंच बाजूला उभी राहून जळत होते. साठी उलटली तरी हे जात नाही बघा.

मग तिनं माझा हात धरला. "मन्हं नाव तू सांगं ना?"

नाव मीच सांगितलं ना, एवढंच ती विचारत होती. हो म्हणून मोकळं होता आलं असतं. सानिका चार पावलांवर होती, तीही बोलली नसती. पण विजूनं हात फार घट्ट धरला होता. मी तिला सगळं सांगितलं. महिनाभर गप्प बसले ते, आणि त्या श्रावणात तिला नाव काढायला सांगितलं तेही. असा काही नियम नव्हता विजू, म्हटलं, मी जळले होते.

तिनं हात सोडला नाही. म्हणाली, "माले तवयच माहीत व्हतं."

तिच्या भावाच्या दुकानात मुंबईच्या कॅसेटी यायच्या. आतल्या बाजूला कव्हर करणाऱ्याचं नाव छापलेलं असायचं. ती रोज बघायची.

"मग काढलं कशाला नाव?"

"तुन्हं तोंड पाहं मी. नाव ठेवं असतं, तं तू परत उनी नसती."

म्हणजे मी येत राहावं म्हणून. फलाटावर मला जिची दया आली, तिनं माझं तोंड एकदाच पाहून ओळखलं होतं की हिला आपलं नाव झेपणार नाही. आणि स्वतःचं नाव की मी, यांतून तिनं मला निवडलं. तरी मी किती दिवस गेले तिच्याकडे? पाच-सहा वर्षं. पुढे कॅसेटी संपेपर्यंत ती नाव न टाकता कव्हरं करत राहिली, आणि मी गेलेच नाही.

विजूनं पदरानं स्वतःचा चेहरा पुसला, पाटीवरच्या नावाकडे एकदा पाहिलं आणि एकदम आबांसारख्या खणखणीत आवाजात म्हणाली, "पन आते नाव राही. तू ये, नहीतं नको येऊ."

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं असोदा सांगत आले. तिथं आता भाऊ नाहीत, माय नाही, दाराला कुलूप आहे. धुळ्यात एक दार उघडं आहे. तिथं मला कोणी बोलावलेलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलेलं नाही. या श्रावणात कानबाईला मी तिकडे जाणार आहे. प्रदर्शनातली ती पाटी विजू सोबत घेऊन गेली; तिच्या घरी भिंतीवर तिचं नाव असेल, ते वाचत मला तिथं बसावं लागेल.