मामाचा घास

नाशिक रोडहून निघताना शेजारच्या काकूंनी मला ओवाळलं आणि मग हळूच आईला विचारलं, "पण ही तिकडे नेमकं करणार काय?" आई म्हणाली, "शिकायला चालली." ते निम्मं खरं होतं. दोन हजार दोन साली मी ओपेअर (परक्या देशातल्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणारी मुलगी) म्हणून वर्षभरासाठी जर्मनीला चालले होते. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, हातखर्चाला थोडंफार आणि आठवड्यातून दोनदा भाषेचा वर्ग. त्या बदल्यात घरातलं मूल सांभाळायचं. गंगापूर रोडला ज्या बाईंकडे मी जर्मन शिकले, त्यांनीच हा मार्ग सुचवला होता. परदेश बघायचाय आणि खिसा रिकामा आहे, अशांसाठी याहून स्वस्त सोय नाही, असं त्यांचं म्हणणं. वडील नोटा छापायच्या प्रेसमध्ये नोकरीला. त्यांनी व्हिसाचा कागद सवयीने उजेडात धरून दोनदा तपासला आणि पास केला. आत्याने मात्र तोंडावर म्हटलं, "म्हणजे मोलकरीणच की गं." मी हसून वेळ मारून नेली, पण ते लागलं. तेव्हाच ठरवलं, काही झालं तरी वर्ष पुरं केल्याशिवाय परत यायचं नाही. अर्ध्यावर परतलेल्या भाचीचं आत्याने काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

फ्रँकफुर्टला पहिली फजिती झाली. कासेलकडे जाणारी गाडी फलाटावर वेळेवर येऊन उभी राहिली. मी बॅगा घेऊन दारासमोर, दार बंद. नाशिक रोड स्टेशनवर गाडीचं दार बंद असण्याची मला सवयच नव्हती. आतून कोणीतरी उघडेल म्हणून सभ्यपणे थांबले, आणि गाडी तितक्याच सभ्यपणे निघून गेली. बाकावर बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "बटण दाबायचं असतं, मुली." मी विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुला जायचं नसेल." पुढची गाडी तासाभराने होती. तेवढ्या वेळात मी येणाऱ्या प्रत्येक गाडीचं बटण नीट बघून ठेवलं.

कासेलच्या अलीकडे एका लहान गावात ते घर होतं. चहूकडे कापून झालेली गव्हाची शेतं, रस्त्याकडेला सफरचंदाची झाडं आणि खाली पडलेली सफरचंदं कोणी उचलतही नव्हतं. घरात दोघीच: सबीने आणि तिची चार वर्षांची लेना. सबीने एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करायची, वय अडतीस. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "मला सबीने म्हण आणि 'तू' म्हण." आता अडतीस वर्षांच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना. पहिले दहा दिवस मी तिच्या मागे जाऊन नुसती खोकायचे. शेवटी तिने मला खोकल्याचं औषध आणून दिलं.

संध्याकाळी साडेसहाला आबेंडब्रोट (पाव, चीज, काकडी असं थंड जेवण) असायचं. ते लेना स्वतःच्या हाताने नीट खायची. पण दुपारी बारा वाजता तिला किंडरगार्टनमधून (बालवाडीतून) घरी आणलं की गरम जेवण देणं माझं काम, आणि तिथे ती काट्याने तासभर नुसती उकराउकर करायची. एवढंसं पोर, मनगटं काडीसारखी. मला ते बघवेना. दुधात शिजवायचा एक आखूड, जाड तांदूळ तिथे मिळतो, तो आपल्या इंद्रायणीसारखा चिकट होतो. त्याचा मऊ भात केला, लोणी कढवून तूप केलं, आईने दिलेलं मेतकूट घातलं, लहान लहान घास करून ताटाच्या कडेने मांडले आणि सरळ भरवायला लागले. आपल्याकडे चिऊ-काऊच्या नावाने भरवतात, पण मला चिमणीचा जर्मन शब्द आठवेना. मग मी घरचीच माणसं ताटात बसवली. हा घास आत्याचा, हा काकाचा, हा मामाचा. लेनाला मामा सगळ्यात आवडला, कारण मामाचा घास मी सगळ्यात शेवटी आणि विमानासारखा फिरवत आणायचे. महिन्याभरात तिचे गाल भरले. सबीने म्हणायची, "तू जादू करतेस." ती जादू म्हणजे नेमकं काय, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

नोव्हेंबरात माझा भाषेचा वर्ग दुपारी भरायला लागला, म्हणून लेना बालवाडीतच जेवणार असं ठरलं. पहिल्याच दिवशी बटाट्याचं ताट समोर आलं आणि लेना हात मांडीवर ठेवून, तोंड उघडून बसून राहिली. कोणी काही करेना, तेव्हा रडायला लागली आणि म्हणाली, "मामा. मामा."

जर्मनमध्ये 'मामा' म्हणजे आई.

बालवाडीच्या बाईंनी सबीनेच्या ऑफिसात फोन केला. सबीने मीटिंग सोडून, गाडी हाकत बालवाडीत पोचली. तिने लेनाला जवळ घ्यायला हात पसरले, तर लेनाने ताटाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

मी वर्गातून आले तेव्हा सबीने स्वयंपाकघरात अंगातला कोटही न काढता बसली होती. तिने सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं: आमच्याकडे मुलांना भरवतात, मामा म्हणजे आईचा भाऊ.

"तिला स्वतःच्या हाताने जेवायला शिकवायला मला वर्ष लागलं होतं," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"आणि वाटेत मला वाटत होतं, ती मला बोलावतेय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे सांगितलं की आता भरवणं बंद, लेना तूर्तास घरीच जेवेल, वर्ग मी तोवर बुडवायचा. दोन आठवड्यांत लेना दुपारीही आपल्या हाताने जेवायला लागली नाही, तर सबीने मला पाठवणाऱ्या एजन्सीला कळवून दुसरी मुलगी बघेल. घर सुटलं की माझा व्हिसाही सुटला, एवढं मला कळत होतं. रात्रभर डोळ्यांपुढे आत्या.

पहिले तीन दिवस मी अक्षरशः दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. लेना तोंड उघडून बसायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो आणि भात गार व्हायचा. समोर उपाशी लेकरू आणि आपण हात आवरायचे, याच्याइतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. रविवारी घरी फोन केला. माझी आई लासलगावकडची. रागावली की तिचं नाशिक रोडचं बोलणं गळून पडतं. "लेकराला दोन घास भरवले त काय बिघडलं त्यांचं?" ती म्हणाली. "लय झालं तुझं परदेश. ये निघून."

"नाही येणार, आई," मी म्हटलं आणि फोन ठेवून रडले.

सातव्या दिवशी माझंच डोकं चाललं. ताटात भात वाढला आणि लेनाला म्हटलं, "आज मामाला भूक लागली आहे. मामाचे हात दुखतात. त्याला कोण भरवणार?" तिने विचार केला. मग पाचही बोटं भातात घालून एक वेडावाकडा गोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. मी मामाच्या आवाजात म्हटलं, "छान. आता लेनाचा घास कोण करणार?" तिने दुसरा गोळा केला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि स्वतःच्या तोंडात घातला. एक मामाला, एक लेनाला. अर्धा भात टेबलावर सांडला होता, तरी मी फडक्याला हात लावला नाही.

नवव्या दिवशी सबीने मुद्दाम लवकर घरी आली. लेनाने तिला दारात बघितलं, खुर्चीवर उभी राहिली आणि भाताने बरबटलेला हात पुढे करून म्हणाली, "मामा."

सबीनेने माझ्याकडे पाहिलं. कोणता मामा, हे तिला विचारायचं होतं, आणि मलाही माहीत नव्हतं. मग ती खाली वाकली आणि तिने तोंड उघडलं. मेतकुटाने तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी नुसत्या ठसक्याचं नव्हतं.

दोन आठवड्यांची गोष्ट पुन्हा निघाली नाही. नाताळाच्या आत लेना काटा धरून बालवाडीत जेवायला लागली, आणि मी लेनाला म्हणावं तितक्या सहज सबीनेलाही 'तू' म्हणायला लागले. वर्ष पुरं झालं.

सप्टेंबरात नाशिक रोडला उतरले. आत्या भेटायला आली, तिला मी तिथल्या बर्फाबद्दल भरपूर सांगितलं. दुपारी आईने बाजरीच्या भाकरी टाकल्या. मी ओट्यापाशी पाटावर बसले होते. पहिली भाकरी तव्यावरून उतरली, तशी तिने गरम कोर मोडली, लोणी-ठेचा लावला आणि वाकून माझ्या तोंडाजवळ आणली. माझा हात आपोआप पुढे झाला.

"दे ना, मी घेते," मी म्हटलं.

तिचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तिने तो घास माझ्या ताटात ठेवला. "मोठी झाली की लय," ती म्हणाली. रागाने नाही, सहजच. वर्षभर मी कोणाला काय शिकवून आले आणि स्वतः काय शिकून आले, ते मला तिथे पाटावर बसल्या बसल्या कळलं, आणि फार वाईट वाटलं. मी तोंड उघडलं. पण तोवर आई तव्याकडे वळली होती.