पहिल्या धुळवडीची कडी

करडी गावात निर्मलाबाईंचा आवाज ऐकलेली माणसं मोजकीच. पस्तीस वर्षं चिखलात वाकून त्यांनी धानाची रोवणी केली. बाकीच्या बाया गाणी म्हणायच्या, ह्या नुसता हुंकार भरायच्या. नव्या सुनेनं, टीनानं, सासूला गरीब गाय समजून सोडून दिलं होतं.

गावची रीत अशी, की नव्या सुनेला पहिल्या धुळवडीला दिरानं घराबाहेर ओढायचं आणि साऱ्या पोरांनी रंगवायचं. तिचं 'नाही' म्हणजे लाजणं, असं मानण्याइतकं गाव शहाणं! नवऱ्याला पुण्याहून सुट्टी मिळाली नव्हती. होळीच्या संध्याकाळी टीनानं चुलीपाशी धीर करून सांगितलं, "आई, कोणी अंगाले हात लावलेला मले नाही चालत. मी नाही जात."

"बरं," सासू म्हणाली आणि पुरण घोटू लागली. टीनाचा जीव टांगणीलाच राहिला.

सकाळी डफ वाजवत दीर आला, प्रविण. मागे दहा-बारा पोरं. टीनानं खोलीची कडी आतून लावली. दारातच निर्मलाबाई तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"माय, सरक. वहिनीले नेतो."

"थे नाही म्हणते."

"पहिल्या धुळवडीले सगळ्याच नाही म्हणतात!" पोरं हसली.

निर्मलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मीबी म्हटलं होतं. याच खोलीत कडी लावून बसली होती. आतून कडी कोणं काढली, इचार तुह्या बाबाले."

डफ थांबला. खाटेवर चहा पीत बसलेल्या सासऱ्यांनी, सुखरामांनी, कप खाली ठेवला. टीना फटीतून पाहत होती. पस्तीस वर्षं ही बाई एवढं पोटात ठेवून जगली, आणि आज आपल्यासाठी चारचौघांत बोलली! केवढी मोठी बाई ही, आणि आपल्याला पत्ताच नाही.

सुखराम उठले. "मीबी आतच होतो, मीच काढली होती," मान खाली घालून म्हणाले. "अन् वरून हसतबी होतो." आणि बायकोच्या शेजारी दार अडवून बसले.

पोरं एकेक करत पांगली. प्रविण मात्र मुठीत गुलाल घेऊन घुटमळला, मग आईसमोर उकिडवा बसला.

"माय, तुले लावू का?"

इतक्या धुळवडी गेल्या, निर्मलाबाईंना असं कुणी विचारलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

प्रविणनं मूठ मागे घेतली. तेव्हा कुठे टीनानं आतून कडी काढली.