शिदोरीतला कांदा

आकुर्डीच्या जत्रेत नाटकातल्या बाई धाडकन पडल्या आणि मी, नवी सून, शिदोरीतला कांदा फोडून त्यांना हुंगवायला थेट स्टेजवर चढले. एवढी मी शहाणी! बाई नामांकित विनोदी नटी, दरसाल यायच्या. वीस वर्षं लोकांना पडून हसवत होत्या. हशा ओसरेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, घाई म्हणून नाही. माझा कांदा त्यांनी हुंगला, मग कराकरा खाल्ला. सारा तंबू हसून लोळला.

खेळ संपल्यावर सासूबाई कडाडल्या, "उद्याच माहेरी धाडते हिला!"

तेवढ्यात बाई तोंडाचा रंग न पुसताच आल्या.

"आक्का, सुनेला बोलू नका. मी पडले की गावंच्या गावं हसली. उचलायला धावली ती ही एकटीच."