मुरलेल्या रागाच्या अक्का

लोक लोणचं मुरवतात, आमच्या अक्का राग मुरवायच्या. ताजा राग त्यांना आवडायचाच नाही. "आजच्या आज भांडून काय चव येणार?" म्हणायच्या. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या एका रिक्षावाल्याने भर पावसात त्यांना घराच्या बरंच अलीकडे उतरवलं होतं. अक्का तेव्हा गप्प बसल्या. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला अगत्याने गेल्या, पोटभर जेवल्या, आचाऱ्याला बोलावून त्याचं कौतुक केलं आणि निघताना नवरीच्या बापाला म्हणाल्या, "येते रे. घरापर्यंत चालतच जायचंय मला." तो बिचारा विड्याचं तबक धरून उभाच राहिला.

अक्का माहेरच्या धुळ्याकडच्या. लग्न होऊन जळगावात आल्या आणि एका डाळमिलमध्ये डाळ निवडायला बसल्या, त्या केस पांढरे होईपर्यंत. माझं पिंप्राळ्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान, त्यामुळे मिलच्या साऱ्या बायका माझ्याकडे यायच्या. अक्का खुशीत असल्या की शुद्ध मराठी बोलत. अहिराणी सुरू झाली की समजावं, कोणाचं तरी काही खरं नाही.

त्या दिवशी त्या दुकानात शिरल्या त्या अहिराणी बोलतच. "भाऊ, तुन्हं मशीन चालू कर. सरकारले सांगनं शे."

झालं होतं असं की मालकाचा मुलगा, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणत, नुकताच कारभारात लक्ष घालू लागला होता. बायका डाळ चोरतात असं त्याच्या डोक्यात बसलं. सुट्टीच्या वेळी त्याने फाटकाजवळ अक्कांना अडवलं आणि सगळ्यांसमोर त्यांचा डबा जमिनीवर पालथा केला. आतून अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा पडला. डाळीचा दाणा नाही. अक्का म्हणाल्या, "आता उचला." छोट्या शेठचं तोंड लाल झालं. "उद्यापासून कामावर येऊ नका," तो ओरडला. ना नोटीस, ना कागद. आणि दिवेलागणीपर्यंत आमच्या कॉलनीत बातमी पसरली की अक्का चोरी करताना सापडल्या.

नोकरीचं त्यांना दुःख होतंच, पण खरी आग त्या बातमीची होती. "त्यानी मन्हा डबा बठ्ठास्ना समोर उघाडा. आते माफी बी बठ्ठास्ना समोर पाहिजे. लिही."

मी कामगार कार्यालयाची ऑनलाइन तक्रार उघडली आणि सरकारी भाषेत लिहिलं, 'तोंडी आदेशाने कामावरून कमी केले, सबब न्याय मिळावा.' वाचून दाखवलं. अक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी त्यांना अळणी वरण वाढलंय. "यात राग कुठे आहे?" मी म्हटलं, रागाला यात रकाना नाही. "मग मागणीच्या रकान्यात घाल." घातला.

शेवटी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी गेला आणि आमचं घोडं अडलं. कारण अक्कांच्या आधारला मोबाइल होता मिलच्या मुनीमजींचा! आमच्याकडे हे सर्रास. बायकांकडे फोन नव्हते त्या काळात मुनीमजींनी सगळ्यांच्या कागदपत्रांवर मोठ्या मनाने स्वतःचाच नंबर देऊन टाकला होता. तेव्हापासून कोणाचं गॅसचं, कोणाचं रेशनचं, सगळ्यांचे आकडे त्यांच्याच फोनवर येत आणि ते फोनवरून वाचून दाखवत.

मी कपाळाला हात लावला. अक्कांनी शांतपणे माझा फोन उचलला, मुनीमजींना लावला आणि स्पीकर चालू केला.

"मुनीमजी, अक्का बोलतेय. आकडे आले का हो?"

"आले, आले. गॅसचे का?"

"तुम्हीच बघा ना."

"चष्मा घरी राहिला. थांबा, दिसतंय. हे बघा, 'कोणालाही सांगू नका' असं लिहिलंय. घ्या लिहून."

आणि त्यांनी साक्षात शेठच्या गादीशेजारी बसून, शेठविरुद्धच्या तक्रारीचे आकडे ठणठणीत आवाजात वाचले. मी तोंडात रुमाल कोंबला होता. अक्का म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो," आणि फोन ठेवून जे हसल्या! शेजारच्या न्हाव्याने दाढी अर्धी सोडून डोकावून पाहिलं.

कामगार कार्यालयाची नोटीस गेल्यावर मिलमधून निरोप आला: मागच्या दाराने कामावर या, विषय संपवा. अक्का हलल्या नाहीत. कामगार कार्यालयात छोटे शेठ म्हणाले, "ठीक आहे, सॉरी. साहेबांसमोर म्हणतो." अक्कांनी साहेबांना विचारलं, "साहेब, डबा इथे उघडला होता का?" साहेबांनी हसू दाबत लिहून घेतलं, माफी मिलच्या आवारात.

तो सोहळा बघायला मी दुकान बंद करून गेलो होतो. छोटे शेठ फाटकाजवळ पुटपुटले. अक्का म्हणाल्या, "मशीन बंद करा, ऐकू येत नाही." मशीन बंद झालं. परत पुटपुटले. अक्कांनी वर बघितलं. "गच्चीवर डाळ वाळवणाऱ्या बायकांना ऐकू आलं का गं?" वरून एकसुरात आवाज आला, "नाही!" तिसऱ्यांदा मात्र छोटे शेठ असे बोलले की शेजारच्या मिलचा हमालसुद्धा बाहेर आला. अक्कांनी पदर सावरला आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

याची झळ मुनीमजींना लागली. आकडे कोणी वाचले ते शेठला कळलं आणि मुनीमजींना घरी बसवलं. पुढे त्यांचीही तक्रार माझ्याच दुकानातून गेली आणि तेही कामावर परतले, पण ती भरायला ते कसे तयार झाले हे मला माहीत नव्हतं. ते मला कळलं ते गेल्या हिवाळ्यात. अक्का म्हातारपणी मुलाकडे धुळ्याला गेल्या होत्या, तिथेच वारल्या. मी आणि मुनीमजी एसटीने दहाव्याला निघालो होतो.

पारोळा गेलं तेव्हा मुनीमजी बोलले. "नोकरी गेली तेव्हा मी अंथरूण धरलं होतं. ही अक्का घरी आली. मी म्हटलं, तुमच्यामुळे झालं हे, तुमचं तोंड बघायचं नाही मला. तर म्हणाली, 'धरा राग, चांगला धरा. पन पहिले शेठना नंबर, मंग मन्हा. उठा.' हाताला धरून तुझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत आणून सोडलं."

"मग? शेठचा नंबर तर झाला," मी म्हटलं.

"झाला ना. मग हिचा होता." मुनीमजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, बराच वेळ पुसत राहिले. "छान मुरवून ठेवला होता रे. आता कोणावर काढू?"