सहा खाचांची शिशी

"मिक्श्चरमध्ये पाणी किती घालता?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

त्यांच्या हातात दसरू या रोग्याच्या घरून परत आलेली, हिवतापावरच्या क्विनीन मिक्श्चरची शिशी होती. तळाशी चमचाभर औषध उरले होते आणि ते त्यांनी जिभेला लावून पाहिले होते. क्विनीनचा कडूपणा सहजासहजी जात नाही. या शिशीतला जवळजवळ गेला होता.

"चिठ्ठीवर असेल तितकेच, साहेब," मी म्हणालो.

"मग दसरूचा ताप तिसऱ्यांदा का उलटला? त्याच्या गावचे आणखी दोघे तसेच परत आले आहेत."

उत्तर ठाऊक नव्हते हे खरे, पण ठाऊक असते तरी ते माझ्या तोंडून वेळेवर निघाले असते, असे मला वाटत नाही.

धानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टरांनी लिहिलेले औषध मोजून, मिसळून खिडकीतून देणे, हे कंपाउंडरचे काम. शिशी रोगी घरून आणी. तिच्यावर आम्ही कागदाची एक पट्टी चिकटवत असू आणि तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडत असू. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. सहा खाचा म्हणजे दिवसातून तीनदा, दोन दिवस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ही पट्टी समजते, असे आम्हाला शिकवले होते.

त्या वेळी माझे वय अठ्ठावीस होते. मॅट्रिक मी दुसऱ्या खेपेस, तेही थर्ड क्लासात पास झालो होतो. पुढे कित्येक वर्षे औषधे घोटल्यावर आपणही डॉक्टर व्हावे, असे मनात आले. ते कोणाजवळ बोलण्यास आणखी दोन वर्षे लागली. बिनपगारी रजा घेऊन, माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलांच्या बाकावर बसून मी नागपुरास इंटर सायन्स केले आणि सेकंड क्लास मिळवला. मेडिकल कॉलेजकडून अर्ज परत आला तो शेऱ्यासह: वय जास्त आहे, मॅट्रिकचे गुण कमी आहेत, ज्या दवाखान्यात काम केले तेथील डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडल्यास विचार करू. मुदतीला बारा दिवस उरले होते. तो अर्ज डॉक्टरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये होता.

"औषध पातळ करणाऱ्या माणसाला मी डॉक्टर व्हायला पाठवतो आहे की काय, हे मला आधी कळू द्या," ते म्हणाले. "तोपर्यंत सही नाही."

त्यांचे चुकले, असे मी आजही म्हणणार नाही. अशी उदाहरणे त्यांनी पाहिली होती.

ड्रेसर तानबा आतून सगळे ऐकत होता. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. तो बाहेर येऊन म्हणाला, "भाऊ, इथी उभे राहून काय करून राह्यले? दसरूच्या घरी चाला ना."

"तेथे जाऊन काय विचारणार?"

"तुमी नका विचारू. तुमी फक्त पाहा. विचाराले मी आहो."

दुसऱ्या दिवशी नवी शिशी भरून आम्ही निघालो. या वेळी डॉक्टरसाहेबांनी ती स्वतः चाखून दिली होती. गाव सहा कोसांवर, जंगलाच्या आत होते. नाल्याला गुडघाभर पाणी होते. तानबा शिशी डोक्यावरच्या फेट्यात खोवून पुढे चालला.

दसरू अंगणात बाजेवर पडला होता. अंगाने धिप्पाड गडी, पण कांबळे पांघरून कुडकुडत होता. त्याच्या म्हाताऱ्या आईने, जैनीबाईने, शिशी हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि खाचांवरून बोट फिरवले. मग आत जाऊन तिने घरातल्या सर्वांना हाक मारली. दसरू धरून आठ माणसे झाली. तिने मोहाच्या पानांचे आठ द्रोण मांडले. शिशीत घागरीतले पाणी ओतले. चार थेंब देवाच्या नावाने जमिनीवर सांडले आणि एकेका द्रोणात औषध वाटू लागली.

"बाई," मी म्हणालो. तानबाला बोलू देण्याचे मी विसरलो. "पाणी कशाला घातले?"

"सा खाचा केल्या तुमी. आमी आठ. दोघाईनं काय तोंड पाहाचं?"

"पण औषध दसरूचे आहे."

"घरात नवं आलं ते सगळ्याईचं. एकट्यानं खाल्लं त अंगी नाई लागत, बाबू."

म्हणजे दोन दिवसांचे औषध एकाच बैठकीत आठ जणांच्या पोटात जात होते, आणि ज्याला ताप होता त्याला त्यातला पाणी मिसळलेला एक वाटा मिळत होता. इतर दोन घरांतही असेच चालले असणार. माझी पट्टी त्यांनी नीट वाचली होती. खाचा म्हणजे वाटे, इतका सरळ अर्थ त्यांनी लावला होता.

"हे दवाखान्यात का नाही विचारलं?" मी म्हणालो.

जैनीबाई हसली. "कोणाले विचारू? खिडकीतून एक हात ये. शिशी दे, बोटानं कागद दाखवे. मले वाटलं, सरकारनं मुका माणूस ठेवला."

तानबा हसून हसून खाली बसला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. रोग्यांशी बोलावे लागू नये म्हणूनच मला ती खिडकी आवडत असे.

आता बोलणे भाग होते. औषध वाटले की त्याचा जोर जातो, हे मी सांगितले. तिला ते पटले नाही. मी पुन्हा सांगितले. शेवटी मीच विचारले, "तुमच्या घरात एकट्याने खायची अशी एकही वस्तू नाही का?"

"बाळंतिणीचं," ती म्हणाली. "तिचं रांधलेलं तिचंच. त्याले कोणी हात नाई लावत."

"मग हे तसेच समजा. ही शिशी बाळंतिणीची."

जैनीबाईने कांबळ्याखालच्या दसरूकडे पाहिले. "आयकलं काय बाळंतीणबाई?" ती म्हणाली, आणि सगळे घर हसू लागले. दसरूही कुडकुडत हसला. मग तिने सात द्रोण उचलून ठेवले.

औषध बिघडले होते, म्हणून तानबा उलटपावली जाऊन दुसऱ्या दिवशी नवी शिशी घेऊन आला. मी तेथेच राहिलो आणि प्रत्येक डोस माझ्यासमोर दिला गेला.

परत आल्यावर मी सर्व हकीकत सांगितली. डॉक्टरसाहेबांनी मला मध्ये थांबवले नाही. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "हे आधीच का नाही विचारलंत त्यांना?"

"धीर झाला नाही, साहेब."

"मग डॉक्टर होऊन काय करणार आहात?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी औषधाच्या खिडकीला कुलूप घातले आणि माझे टेबल व्हरांड्यात मांडले. प्रत्येक रोग्याला औषध कसे घ्यायचे ते सांगायचे आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचे, असा हुकूम झाला. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझा आवाज बसला. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्याने मला "हळू बोला, बहिरा नाई मी," असे सुनावले.

मुदतीच्या तीन दिवस आधी दसरू आपल्या पायांनी चालत आला. "आता मले उठू द्या म्हणा आईले," तो तानबाला म्हणाला. "घरी अजून बाळंतिणीवानी बाजेवरून उतरू देत नाई."

त्याच दुपारी सही झाली. त्या सर्टिफिकेटात माझ्या वयाचा बचाव नव्हता, गुणांबद्दल शब्द नव्हता. "औषध देऊन हा माणूस थांबत नाही, ते घेतले गेले की नाही हे जाऊन पाहतो," असे त्यांनी लिहिले होते. तेव्हा ते पुरते खरे नव्हते. ते खरे करण्यात पुढची काही वर्षे गेली, आणि इतक्या विश्वासाने त्यांच्याआधी मला कोणी उसने मोठेपण दिले नव्हते.

मला प्रवेश मिळाला. वर्गात मी सर्वांत वयस्कर होतो आणि अ‍ॅनाटमीत एकदा नापासही झालो. डॉक्टर म्हणून जिल्ह्यात परतलो तेव्हा साहेबांची बदली झालेली होती. जैनीबाईंना मात्र मी जाऊन भेटलो. "बोलाले लागला काय रे?" असे त्यांनी विचारले.

माझा भिडस्तपणा अजून गेलेला नाही. पण चिठ्ठी हाती देण्यापूर्वी मी रोग्याला एक प्रश्न न चुकता विचारतो: घरात माणसे किती?