शंभर टक्के निकाल आणि कालची खीर

लॅबमधली पोरं स्क्रीनवरच्या फ्रिजमध्ये कच्चं चिकन खालच्या कप्प्यात सरकवत होती आणि मागच्या बाकावर तीन पोरी पोट धरून बसल्या होत्या.

मी लातूरला अन्नसुरक्षा अधिकारी होतो. हॉटेलं, मेस तपासायच्या, नमुने घ्यायचे, हे माझं काम. त्या वर्षी वरून आदेश आला, की विद्यार्थ्यांना ऑनलाइन गेममधून अन्नसुरक्षा शिकवा. मी एका मोठ्या कोचिंग क्लासचं होस्टेल निवडलं.

संचालकांनी आधीच गेमच्या नोट्स काढून त्यावर दोन सराव परीक्षा घेतल्या होत्या. रँक लागणार, अशी त्यांची समजूत. सगळ्यांना पैकीच्या पैकी.

"आमची पोरं लई हुशार हायत, साहेब," ते म्हणाले.

मी मागच्या बाकाकडे गेलो. भोकरची शबाना उलटी होईल म्हणून तोंडाला ओढणी लावून बसली होती. तिघींनी सकाळी मेसमध्ये कालची उरलेली खीर खाल्ली होती. स्कोअर मात्र तिचाही पूर्ण होता. मग खाल्ली कशाला, असं मी विचारलं.

"सर, गेममधला फ्रिज उघडून बघता येतो. मेसच्या किचनमध्ये आम्हाला पायसुद्धा ठेवू देत न्हाईत."

पोरींना आधी दवाखान्यात पाठवलं. मग किचन दाखवा म्हणालो. संचालक म्हणाले, आधी ग्रुप फोटो. मी आमच्या साहेबांना फोन लावला. तेही म्हणाले, कार्यक्रम पार पाडा, तपासणीचं नंतर बघू. मी फोन खिशात टाकला आणि किचनमध्ये शिरलो.

फ्रिज बंद होता. खिरीचं पातेलं आतच, कोमट. दुधाचे पदार्थ असे राहिले की त्यात जंतू विष तयार करतात. पुन्हा उकळलं तरी ते विष जात नाही. फ्रिजचा प्लग कोणी काढला, विचारलं. मेसवाला मान खाली घालून म्हणाला, "त्यो पॉइंट कालपासून स्टेजच्या लाइटिंगला दिलाय जी. तुमच्याच कार्यक्रमाचं."



खिरीचा नमुना घेतला, उरलेली ओतायला लावली, सुधारणा नोटीस दिली. सुधारणा नोटीस म्हणजे ठरल्या मुदतीत दुरुस्त करा, नाहीतर परवान्यावर गदा. पोरींना सलाइन लावावं लागलं. शबानाची त्या आठवड्याची टेस्ट बुडाली. क्लासने तिच्या घरी फोन करून कळवलं, की पोरगी अभ्यासात हयगय करून राहिली. मग मीच तिच्या अब्बांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते तेव्हा उदगीरला आपल्या बहिणीकडे होते, तिथून थेट होस्टेलवर आले आणि पोरीचं सामान रिक्षात टाकून घेऊन गेले.

क्लासची पेपरात पानभर जाहिरात आली : अन्नसुरक्षेतही शंभर टक्के निकाल. साहेबांनी माझ्याकडे खुलासा मागितला, फोटो का नाही म्हणून.

तेव्हापासून कुठल्याही कार्यक्रमाला गेलो की मी आधी स्वयंपाकघरात जायचो, मग स्टेजवर. बोलावणी बरीच कमी झाली.