मलकपेठच्या बूथवरचे अलंकार

रेणुका भालेराव बी.ए.ला नापास झाली ती तीन मार्कांनी. नापास व्हायचंच तर माणसाने सणसणीत व्हावं. तीन मार्कांचं नापास जन्मभर चावत राहतं. बाकीचे पेपर निघाले होते, अडला तो एकटा साहित्यशास्त्राचा. अलंकारांच्या व्याख्या तिने घडाघडा लिहिल्या, पण ‘उदाहरण द्या’ म्हटलं की पाठ केलेल्या ओळी नेमक्या पसार. आता एकच संधी उरली होती. या खेपेला पेपर गेला तर पुन्हा पुस्तक हातात धरायचं नाही, असं तिनेच नवऱ्याला ऐकवलं होतं.

नवरा धम्मानंद नामपल्ली स्टेशनात, पार्सल ऑफिसात. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उगवायला लागले तेव्हा त्याने मलकपेठला, रेसकोर्सच्या वाटेवर, बायकोच्या नावाने एक घेतला. म्हणाला, “बसल्या बसल्या अभ्यास होईल.” अभ्यास कसला डोंबलाचा! बूथचं दार नीट लागत नव्हतं, आणि गावाकडे फोन लावणारा माणूस बोलत नाही, ओरडतो.

एका रविवारी रेणुका पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली, आणि आत नेहमीचं गिऱ्हाईक नामदेवराव भावाला रेसची खबर देत होते. “अरे, तो घोडा नाही, विमान आहे विमान!”

रेणुकाने कान टवकारले. घोडा नाही, विमान आहे. म्हणजे ही अपन्हुती! जो अलंकार वर्षभर डोक्यात शिरत नव्हता, तो नामदेवरावांनी उभ्या उभ्या समजावला. तिने वही ओढली. मग काय, धंदा बाजूला आणि शिकार सुरू. कापडवाले एकनाथराव बायकोला म्हणाले, “तू अगदी दानशूर! माझी नवी स्कूटरसुद्धा तुझ्या भावाला देऊन टाकलीस.” वरून स्तुती, आतून चिमटा, लिही व्याजस्तुती. महिनाभरात वही भरत आली.

दर रविवारी अपर्णाही यायची. पुण्याची, तेवीस वर्षांची, कॉम्प्युटर कंपनीत नवी नोकरी. दारात हसायची, आत आईशी बोलताना डोळे पुसायची आणि म्हणायची, “रडत नाही गं, इथल्या थंड लस्सीने आवाज बसलाय.” खरं कारण लपवून भलतंच सांगायचं, ही व्याजोक्ती. इतकं सुरेख उदाहरण कुठल्या गाइडात मिळणार? रेणुकाने ते खाली दोन रेघा मारून लिहिलं.

आणि पुढच्या रविवारी रेणुका चहा सांगायला गेली असताना अपर्णाने नंबर टिपायला तीच वही उघडली. रेणुका परतली तर मुलीचा चेहरा उतरलेला.

“ताई, तुम्ही आमचं बोलणं लिहून घेता?”

“अगं, नाव नाही लिहिलं कुणाचं. परीक्षेसाठी...”

“माझं रडणं परीक्षेसाठी?” अपर्णा फोन न लावताच निघून गेली.

रेणुकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी तिने बूथच्या दाराला जाड पडदा लावला आणि वही मिटली. दोन रविवार अपर्णा फिरकली नाही.

परीक्षेचं केंद्र माहेरी, नांदेडला होतं. तिसराच प्रश्न आला: व्याजोक्ती सोदाहरण स्पष्ट करा. लस्सीचं वाक्य पेनाच्या टोकावर हजर. मार्क हातात आलेले. रेणुकाने पेन खाली ठेवलं. ते वाक्य त्या पोरीचं होतं. मग तिने स्वतःचं लिहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा आईने विचारलं होतं, डोळे का लाल? आणि ती म्हणाली होती, “काही नाही माय, तिकडची मिरची लई तिखट आहे.” एकोणीस वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते पेपर तपासणाऱ्या अनोळखी माणसाला.

परत आल्यावर ती अपर्णाच्या खोलीवर गेली. “तुझं नाही लिहिलं. माझं लिहिलं,” म्हणाली आणि मिरचीची गोष्ट सांगितली. अपर्णा हसली. पुढच्या रविवारपासून ती पुन्हा बूथवर हजर.

जूनमध्ये पोस्टमनने गुणपत्रिका आणून दिली. साहित्यशास्त्र, एकसष्ट. धम्मानंदने अख्ख्या गल्लीला उस्मानिया बिस्किटं वाटली. रेणुकाने स्वतःच्याच बूथमध्ये शिरून नांदेडला, माहेरच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला आणि आईला, मनकर्णाबाईंना, बोलावून घेतलं.

“माय, मी पास झाले!” सांगता सांगता तिला हुंदका फुटला.

“रडायलीस का गं?” पलीकडून आई ओरडली.

“नक्को काळजी करू, सर्दी झाली मला.” रेणुकाही ओरडूनच म्हणाली.

पडद्याबाहेर अपर्णा रांगेत उभी होती. तिने टेबलावरची वही उघडली, शेवटच्या कोऱ्या पानावर ते वाक्य लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढे लिहिलं: व्याजोक्ती.